भोवऱ्याची जाळी आणि उद्यमनगरातले मामा

मामा, नमस्कार.

तुमचं नाव घालत नाही. छापलेलं बघितलं तर चार दिवस माझ्याशी बोलणार नाही तुम्ही. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या दुपारी लॅपटॉप छातीशी धरून तुमच्या लेथपाशी येऊन उभी राहिले, तेव्हा आठवडाभर माझी धड झोप झाली नव्हती. शिरोली एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाला लाकूड फोडायच्या कोनाची, म्हणजे आटे पाडलेल्या निमुळत्या लोखंडी शंकूची, ॲनिमेशन फिल्म हवी होती. कोन गरगरत ओंडक्यात शिरतो, ओंडका दुभंगतो, संपलं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधी सरळ दांड्यावर आटे काढले आणि मग टेपर देऊन टोक निमुळतं केलं. लांबून झकास दिसत होतं. गिऱ्हाइकानं टोकाशी झूम केलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो लाकडात घुसायचा कसा?"

बरोबरच होतं त्यांचं. मुळाशी व्यास 80 मिलिमीटर, तिथं आटा 4 मिलिमीटर खोल. टोकाशी व्यास 10 झाला आणि आटा उरला जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोनाला लाकडात ओढून नेतात ते टोकाचेच आटे, आणि माझ्या कोनाचे नेमके तिथलेच दात पडलेले.

कुणाला विचारलं नाही असं नाही. जिथं कोर्सची फी भरली, तिथल्या सरांनी "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून फोन ठेवला. फी घेताना मात्र "कधीही फोन करा" म्हणाले होते. एका मित्रानं रेडीमेड मॉडेल उचलायचा सल्ला दिला. आणखी एकानं दोन दिवस निळी टिक तेवढी दिली. शेवटी आईच म्हणाली, "आटं पाडणाऱ्यालाच विचार की."

तुम्ही मशीन बंद केलंत. जॉब लावलेला होता, तरी बंद केलंत. माझे बाबा फाउंड्रीत नगावर काम करायचे, त्यामुळं चालू काम थांबवलं की खिशातून काय जातं ते मला घरातूनच ठाऊक आहे. वेस्टनं हात पुसलेत, बघितलेत, परत पुसलेत. तरी स्क्रीनला बोट लावलं नाही, काडेपेटीतली काडी काढून लांबूनच दाखवलंत. "हितं आटा मेलाय."

मग फळीवरच्या डब्यातून नातवाचा भोवरा काढलात आणि जाळी माझ्या हातात दिलीत. "गुंडाळ." लहानपणी भावाचा भोवरा चोरून फिरवायचे, म्हणून हात चालला. खिळ्यापासून वेढे घेत वर गेले. तुम्ही खालच्या बारक्या वेढ्यावर नख टेकवलंत, मग वरच्या मोठ्या वेढ्यावर.

"जाळी खाली बारीक झाली काय?"

"नाही."

"मग तुझा आटा का झाला?"

डोक्यात लख्ख झालं, मामा. सॉफ्टवेअरचा टेपर सगळंच गुणतो, दांड्याची जाडी आणि आट्याची खोली एकाच हिशोबानं. मला गुणायचंच नव्हतं, वजा करायचं होतं. टोकाकडं जाऊ तसं सगळं अक्षाकडं जास्त जास्त आत सरकवायचं, पण आट्याचा माथा आणि त्याच्या शेजारची खाच यांना सारखंच. मग वेढा लहान होतो आणि खोली 4 ची 4 राहते. तुम्ही लेथवर दुसरं काय करता? टूल उतारानं आत येत जातं, काप तेवढाच. त्या रात्री ब्लेंडरच्याच जॉमेट्री नोड्समध्ये ते बसवायला तासभरही लागला नाही. (नोड्स म्हणजे काय ते पुढच्या चहाला सांगते.)

काल फिल्म पास झाली. गिऱ्हाइकानं टोकाशी परत झूम केलं आणि काहीच बोलले नाहीत. कोल्हापुरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः तयार केला होता. तेव्हा चित्र आणि लोखंड यांच्यात भिंत नसावी. आम्हीच ती मध्ये बांधली आणि एसीत जाऊन बसलो. तुमच्या गल्लीत अजून कुणी मायक्रोमीटर मागितला तर आधी हातात देतात, कधी आणून देणार ते नंतर विचारतात. आमच्या लाइनीत साधी फाइल मागितली तरी माणसं कामात असतात. त्यात मीही आले. मागच्या महिन्यात एका ज्युनियरनं काही विचारलं होतं, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. आज देते.

पैशाचं विचारलं तर तुम्ही "जा गं" म्हणून मशीन चालू केलंत, त्या आवाजात नीट आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र. आणि एक कबुली द्यायची आहे. गडबडीत भोवरा माझ्याच पिशवीत आला. जाळी तशीच गुंडाळलेली आहे, सोडली नाही. नातवाला म्हणावं रडू नकोस, रविवारी आणून देते.