काढून टाकलेल्या ईएलसीबीचं काय? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर
यांस सविनय नमस्कार.

मी बडोद्याला कारेलीबागेत राहते, निवृत्त शिक्षिका आहे. ईएलसीबी म्हणजे माणसाला धक्का बसू लागताच लाइन तोडणारं उपकरण. आमच्या पार्किंगमधून ते काढून टाकल्याबद्दल मी आमच्या भागाच्या वीज कार्यालयात गुजरातीतून तीन अर्ज दिले. तिन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. तिथल्या साहेबांनी समोर बसवून शब्द दिला होता, 'आठ दिवसांत माणूस पाठवतो.' आज सदतिसावा दिवस. म्हणून आता माझ्या भाषेत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे.

माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. त्या दिवशी तुळशीला पाणी घालून अनवाणीच पार्किंगमधून येत होत्या. रात्रभर पाऊस पडला होता, फरशी ओली होती आणि माझ्या लेकाची इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. पाय घसरेल म्हणून त्यांनी स्कूटरच्या मागच्या दांड्याला धरलं, आणि हात सुटेचना. ओरडताही येईना. मी जिन्यात होते, मला फक्त घशातून येणारा एक घोगरा आवाज ऐकू आला. दूधवाल्याने लाकडी दांड्याने प्लग उडवला तेव्हा त्या खाली कोसळल्या. मनगट मोडलं. दोन बोटांवर मेणासारखे पांढरे डाग पडले आहेत. ते पुसले जातील म्हणून त्या अजून पदराला बोटं घासतात.

चार्जरमध्ये पाणी शिरलं होतं, हे नंतर कळलं. पण एमसीबी, म्हणजे बोर्डावरचं आपोआप पडून लाइन तोडणारं बटण, पडली का नाही? तिचं ते कामच नाही. एमसीबी पडते ती जास्त लोड आला की, नाहीतर शॉर्टसर्किट झालं की. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या गावीही नसतो. ते काम आरसीसीबीचं, ज्याला आमच्याकडचे वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून (आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परत आला नाही, 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती लाइन तोडते. मागे अर्थिंगची वायर नसली तरी तोडते.

आमच्या पार्किंगमध्ये ती होती. वायरमनने काढून टाकली. मी जाब विचारला तर म्हणाला, "बेन, ए तो वारंवार पडी जाय छे." सोसायटीच्या प्रमुखांचंही तेच, लोक रात्री चार्जिंगला लावतात आणि सकाळी गाडी रिकामी.

साहेब, सगळा वाद या एका वाक्यावर अडला आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. प्रत्येक चार्जरमधून थोडी गळती होतच असते, एखाददोन मिलीअँपिअर, कधी तीन. आमच्याकडे सात स्कूटर एकाच आरसीसीबीवर होत्या. 30 लिहिलेली आरसीसीबी मानकाप्रमाणे 15 च्या पुढे कधीही पडू शकते. सात त्रिक एकवीस, मग ती पडणारच! दोष तिचा नाही, सात गाड्या एका लाइनवर टाकणाऱ्याचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्येच चार्जिंगचे सुरक्षा नियम काढले. त्यात हे सगळं आहे: स्वतंत्र सर्किट, 30 मिलीअँपिअरपर्यंतचं आणि किमान 'ए' टाइपचं संरक्षण, जमिनीपासून 800 मिलिमीटर उंच सॉकेट, एक्स्टेन्शन वापरायचं नाही. दुकानात स्वस्त म्हणून 'एसी' टाइप गळ्यात मारतात. चार्जरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, गळती झाली की ती आंधळी होते, हेही कोणी सांगत नाही.

नियम आहेत. ते आमच्या पार्किंगपर्यंत आणायचे कोणी?

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथेही भांडण आहेच. 2020 च्या त्यांच्या वायरिंग कोडने गाडीच्या प्रत्येक सॉकेटला 5 मिलीअँपिअरवर पडणारं संरक्षण सक्तीचं केलं, चार्जरच्या आत 20 चं वेगळं असतंच, दोन्ही एकमेकांत अडकतात आणि लोक वैतागून सॉकेट काढून थेट वायर जोडून घेतात. म्हणजे तिथे वाद आहे तो 5 ठेवायचं की 20. आमच्याकडे एकही नाही!

'अर्थिंग आहे ना, मग झालं,' असं तुमच्या खात्यातल्याच एका माणसाने मला ऐकवलं. मी गणित शिकवलं आहे. अर्थिंगच्या जुन्या खड्ड्याचा रोध 20 ओहम धरा. 230 व्होल्ट भागिले 20, साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरची एमसीबी त्यावर पडत नाही आणि गाडीचा पत्रा जिवंतच राहतो. आणि आमचं अर्थिंग तर नावालाच होतं. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 25. पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, सगळे बोर्ड बुडाले. पाणी ओसरल्यावर ते वाळवले, वरून रंग मारला आणि पुन्हा सुरू केले. परवा सॉकेट उघडलं तर मागे अर्थिंगची हिरवी वायर गंजून तुटलेली. शहरभर असे किती बुडालेले बोर्ड आज चालू आहेत, कोणी मोजले?

2021 च्या ईव्ही धोरणात सरकारने चार वर्षांत दोन लाख गाड्यांचं लक्ष्य ठेवलं. दुचाकीला 20 हजारांपर्यंत अनुदान दिलं, आम्हीही घेतलं. त्या कागदांत गाडीचा नंबर मागितला, बँकेचं खातं मागितलं. गाडी लावणार कुठे, तिथे आरसीसीबी आहे का, हे कोणी विचारलं नाही. दोन-तीन हजारांची वस्तू आहे ती. या देशात दरवर्षी बारा हजारांवर माणसं विजेच्या धक्क्याने मरतात, आणि प्रत्येक वेळी चौकशी मेलेल्याच्या चुकीची होते. आम्हालाही विचारलंच, 'आजी अनवाणी का चालत होत्या?' स्वतःच्या घराच्या दारात, तुळशीपासून येताना, म्हातारीने बूट घालायचे होते का?

याच शहरात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्याला शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत आलं नाही तर आईबापांना दंड होत असे. कायदा दारापर्यंत पोचवायची ही रीत होती. आज परिपत्रक निघतं, वेबसाइटवर चढतं, आणि दारात येतो तो फक्त बिल देणारा.

मला भरपाई नको. सोसायट्यांमधला प्रत्येक चार्जिंग पॉइंट तपासा, पुरात बुडालेले आधी. प्रत्येक पॉइंटला स्वतःची 'ए' टाइप आरसीसीबी असल्याशिवाय तो चालू ठेवू देऊ नका. आणि ती काढून टाकणाऱ्याला दंड करा, वायरमन असो की प्रमुख.

सासूबाईंचं प्लॅस्टर पुढच्या सोमवारी निघेल. आमचं सॉकेट मी काळी टेप लावून बंद केलं होतं. काल संध्याकाळी पाहिलं तर टेप काढलेली होती आणि त्यात दोन गाड्या लावल्या होत्या, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवून.

आपली,
कारेलीबागेतील एक ग्राहक