केसपेपरवर विडीचा रकाना हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३१ मे जवळ आला की तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत लेख येतात, शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात आणि चौकाचौकांत तोंडाच्या कॅन्सरची चित्रे लागतात. ते योग्यच आहे, कारण आपल्या राज्यात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू घेणारे आणि ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले होते. मात्र या तफावतीमुळे एक गोष्ट सतत मागे पडत आली आहे आणि तिच्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे. ३.८ टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण एवढ्या मोठ्या राज्यात ती माणसे लाखांनी मोजावी लागतात आणि त्यांतली पुष्कळशी खेड्यापाड्यांतली, विडी ओढणारी आहेत. त्यांचा आजार तोंड उघडून दाखवता येत नाही. तो छातीत आणि रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि उघड होतो तेव्हा रोगी, घरचे लोक आणि अनेकदा डॉक्टरसुद्धा ‘आता वय झाले’ एवढे म्हणून विषय संपवतात.

मी सिन्नर तालुक्यात वाढलो आणि पुढे आरोग्य खात्यात नोकरी करून आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. आमचा भाग विड्यांचा. माझ्या लहानपणी गल्लीतल्या बहुतेक घरांच्या ओट्यांवर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असत. ओलसर पान पत्र्याच्या मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि संध्याकाळी मोजून कारखान्यात द्यायचे. माझी आईही विड्या वळत असे आणि तिने वळलेल्यांपैकी काही विड्या वडिलांच्या बंडीच्या खिशात जात. त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

१९७८ च्या हिवाळ्यात वडिलांच्या डाव्या पायाचे एक बोट निळसर पडले आणि महिन्याभरात काळे झाले. त्यांचे वय तेव्हा ४१ होते. रात्री आडवे झाले की पायात असह्य कळ येई. पाय खाटेखाली लोंबकळत ठेवला की ती थोडी कमी होई, म्हणून ते भिंतीला टेकून बसूनच झोपत. कळ फार वाढली की विडी पेटवत. कंदिलाच्या उजेडात ते सुजलेले पाऊल आणि वर चमकणारे विडीचे टोक हे दृश्य मी आजही विसरू शकत नाही. एका रुग्णालयात त्यांची साखर तपासली, दगड लागला होता का हे विचारले आणि बोट काढून टाकले. चार महिने मलमपट्टी चालली. त्या चार महिन्यांत, त्यांच्या कपड्यांना विडीचा वास येत असताना, ‘विडी ओढता का’ हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला गेला नाही. पुढच्या वर्षी शेजारचे बोट काळे पडू लागले. तेव्हा दुसरीकडच्या एका डॉक्टरांनी पायाकडे पाहण्याआधी त्यांच्या हाताची पिवळी पडलेली बोटे पाहिली आणि म्हणाले, “विडी हवी की पाय, ते आत्ताच ठरवा.” वडिलांनी खिशातले बंडल तिथेच काढून ठेवले. दुसरे बोट वाचले, जखम भरली आणि पुढे ७४ व्या वर्षापर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालले.

या आजाराला बर्गरचा आजार म्हणतात. न्यूयॉर्कमधील डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यांत गुठळ्या होतात आणि बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. हा आजार जवळजवळ केवळ तंबाखू वापरणाऱ्यांनाच होतो, त्यातही तरुण पुरुषांना, आणि तंबाखू पूर्णपणे थांबवल्याखेरीज त्याला आळा बसत नाही. वडिलांचे बोट गेले तेव्हा ही माहिती वैद्यकशास्त्रात नवी नव्हती. एक प्रश्न विचारला गेला नाही म्हणून ती आमच्या खाटेपर्यंत पोहोचायला दीड वर्ष लागले.

नोकरीत असताना मला सर्वांत जास्त ऐकू आलेले वाक्य म्हणजे, “साहेब, मी सिगारेट ओढत नाही, साधी विडी ओढतो.” विडी म्हणजे झाडाचे पान, त्यात रसायन नाही, कागद नाही, तंबाखूही थोडी, असा हा समज आहे. तंबाखू थोडी असते हे खरे आहे. परंतु टेंभुर्णीचे पान, ज्याला व्यवहारात आपण तेंदूपत्ता म्हणतो, ते कागदासारखे हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार, जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी थोड्या तंबाखूतूनही टार, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर प्रमाणात फुफ्फुसांत उतरतात. मुंबईत ३५ वर्षांवरील सुमारे एक लाख लोकांची नोंद करून काही वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट आणि विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट आढळला. देशपातळीवरच्या २००८ च्या अभ्यासात आयुष्य सिगारेटमुळे अधिक घटल्याचे दिसले: सिगारेट ओढणारे पुरुष सरासरी १० वर्षे, विडी ओढणारे पुरुष ६ वर्षे आणि विडी ओढणाऱ्या स्त्रिया ८ वर्षे गमावतात असा त्याचा निष्कर्ष होता. दिवसाला १ ते ७ विड्या ओढणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका सुमारे पाव पटीने वाढलेला होता. या दोन अभ्यासांतून विडी बरी की सिगारेट असा वाद घालणारे मला भेटले आहेत. ज्या घरातला कर्ता माणूस सहा वर्षे आधी जातो, त्या घराला या वादाचा काही उपयोग नाही.

क्षयरोगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. थुंकीचे नमुने गोळा करणे, औषध चुकवणाऱ्यांच्या घरी जाणे हे आमचे रोजचे काम होते. रुग्ण सहा महिने औषध घेई, थुंकी निर्दोष निघे, आम्ही कार्डावर ‘बरा’ असे लिहीत असू, आणि दोन-तीन वर्षांनी तोच माणूस पुन्हा खोकत दारात उभा राही. तो मधल्या काळात विडी ओढत होता का, हे विचारण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. २००३ मध्ये चेन्नईतील मृत्यूंवर आधारित मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयरोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे समोर आले. कारण समजण्यासारखे आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते सतत हलत राहून धूळ, जंतू आणि कफ वर ढकलतात. धुराने ते आधी लुळे पडतात आणि मग झडतात. जंतूंना मारणाऱ्या पेशीही कमजोर होतात. जो पहारेकरी क्षयाच्या जंतूला दारातच अडवतो, त्यालाच आपण दिवसातून वीस वेळा गुंगी देतो. आता क्षयरोग कार्यक्रमात तंबाखूबद्दल विचारपूस करण्याची तरतूद झाली आहे. ती कागदावर राहू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

बरे झालेल्या अनेकांना पुढे धाप लागते. ती सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याची आणि फुफ्फुसांतले हवेचे फुगे फाटल्याची असू शकते. माणूस आधी चढावर थांबतो, मग सपाटीवर थांबतो, शेवटी अंघोळीचा तांब्या उचलतानाही थांबतो. पण हे इतक्या हळू होते की तो कधी ‘आजारी’ पडतच नाही. गेलेले फुफ्फुस परत मिळत नाही. विडी थांबवली तर उरलेले झपाट्याने जायचे थांबते, आणि हे पंप व औषधांच्या आधी सांगायला हवे. हृदयविकाराचे गणित आणखी निराळे आहे. ‘कमी केली आहे, आता दिवसाला एकच’ असे सांगणाऱ्यांनी हे ऐकावे, की दिवसाला एका सिगारेटनेही हृदयविकाराचा जो वाढीव धोका निर्माण होतो, तो वीस सिगारेटींच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. लघवीतून न दुखता रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कॅन्सरचे लक्षण असू शकते आणि त्या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे, हे तर आमच्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

‘आता या वयात सोडून काय उपयोग’ या प्रश्नाला आकड्यांत उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवून पन्नास वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षे आधी गेले. ज्यांनी ६० व्या वर्षी सोडली त्यांची सुमारे ३ वर्षे वाचली, ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांची ६, ४० व्या वर्षी ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांचा जवळजवळ सगळाच तोटा टळला. साठीच्या माणसाला तीन वर्षे म्हणजे नातवाची शाळा पाहायला मिळणे आहे.

सोडणे सोपे आहे असे मी कधीच म्हणणार नाही. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि शरीर त्याला सरावते. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड होते. अनेकांना विडीशिवाय पोट साफ होत नाही. हा त्रास खरा असतो, त्यावर हसू नये, तो काही आठवड्यांत निवळतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते, ती म्हणजे विडी थांबवल्यावर काही दिवस खोकला आणि कफ वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले ते सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागतात. हे कोणी सांगितलेले नसते म्हणून “विडी सोडली आणि छाती बिघडली” असे समजून माणसे पुन्हा पेटवतात. असे किमान पाच-सहा जण मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला दोन मिनिटे वेळ देणारे कोणी असते तर चित्र वेगळे झाले असते, असे मला वाटते.

विडी कामगार बायकांच्या पोटाचा प्रश्न मी विसरलेलो नाही. मी त्याच घासावर वाढलो. त्यांना पर्यायी काम देणे ही शासनाची जबाबदारी आहे, पण त्यासाठी विडी ओढणाऱ्याला अंधारात ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला, तोही मला दुःखद वाटला, कारण विडीवरचा कर घटवणे हाही या प्रश्नावरचा उपाय नाही. आपल्या राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती वेष्टनावरचा इशारा येतच नाही. हा निर्णय उत्तम होता. टपरीवर मात्र त्याची जाणीव दिसत नाही.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि खासगी दवाखान्यांतही केसपेपरवर जसा वजनाचा आणि रक्तदाबाचा रकाना असतो, तसा विडी-सिगारेटचा रकाना असावा: ओढता का, रोज किती, किती वर्षांपासून, सोडायची इच्छा आहे का. आणि उत्तर ‘हो’ असेल तर पुढे काय करायचे, हेही ठरलेले असावे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीनची पूर्ती करणाऱ्या उपचाराचा, म्हणजे विडीऐवजी थोडे निकोटीन देऊन तलफ शमवणाऱ्या च्युइंगमसारख्या औषधाचा, समावेश झाला आहे. ती च्युइंगम शहरातल्या औषधाच्या दुकानात मिळते; विडी ओढणारा जिथे उपचाराला येतो त्या आरोग्य केंद्राच्या खिडकीवरही ती मिळायला हवी आणि ती सतत चघळायची नसून थोडी चावून गालात धरायची असते, हे तिथेच दाखवले जायला हवे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. वेष्टनावर हा क्रमांक असतो, पण सुटी विडी घेणाऱ्याला तो दिसत नाही. पारावर बसून आपला अंक मोठ्याने वाचणारे आणि ऐकणारे लोक आजही आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या हातात त्याच वेळी विडी असते. आपण रोज बाजारभाव छापता, त्याच्या शेजारी हा क्रमांक ठळक अक्षरांत कायमचा छापावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायक
ता. सिन्नर, जि. नाशिक