जुनी प्लेट मागणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडची विसराळूपणाची तक्रार असलेली वयस्क माणसं आम्ही एमआरआयला पाठवतो आणि परत आलेला रिपोर्ट वाचतो. म्हणजे हल्ली वाचतो. रेडिओलॉजिस्ट म्हणून तुम्ही लिहिलेले रिपोर्ट येऊ लागण्याआधी तो फायलीला नुसता टाचला जायचा, कारण आत काय असणार ते पाकीट उघडायच्या आधीच ठाऊक असे: ‘वयोमानानुसार मेंदूची झीज, लहान रक्तवाहिन्यांचे बदल, लक्षणांशी पडताळून पाहावे.’ साठीतल्या निवृत्त मास्तरांना तेच आणि नव्वदीच्या आजीला तेच. घरच्यांनी गाडी ठरवून, कामाचा दिवस मोडून, पैसे मोजून आणलेला कागद हा. याला पाट्या टाकणं म्हणतात. नावं घेत नाही. ज्यांना लागायचं त्यांना लागेल.

तुमच्याकडे अपॉइंटमेंट देतानाच फोनवर एक वाक्य सांगतात: ‘डोक्याची जुनी प्लेट असली तर घेऊन या, रिपोर्ट हरवला असला तरी चालेल.’ आभार मानायचे ते मुख्यतः या वाक्याचे.

कारण अशी प्लेट बऱ्याच घरांत असते. न्हाणीत पाय घसरला तेव्हाचं सीटी, नाहीतर स्कूटरवरून पडल्यावरचं. कपाटाच्या माथ्यावर किंवा गादीखाली, पावसाळ्याच्या दमटपणात फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या. इतरत्र त्या पिशवीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण आजचा एक स्कॅन मेंदू किती उरला आहे तेवढंच सांगतो. तो किती वेगाने आटतो आहे हे दोन स्कॅन शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. काहींची मेंदूतली पोकळी मुळातच मोठी असते. चार वर्षांपूर्वी ती एवढीच होती असं दिसलं, की आजच्या विसराळूपणाचं कारण आधी थायरॉइड, बी-१२, झोपेची गोळी, नैराश्य यांत शोधायला हवं. उलट तेवढ्याच काळात आठवणी जपणारा हिपोकॅम्पस हा मेंदूचा भाग सुकून त्याच्या बाजूची पोकळी (टेम्पोरल हॉर्न) रुंदावली असेल, तर ते वयावर ढकलता येत नाही.

आणि ही तुलना नुसत्या नजरेने होत नाही. जुन्या सीटीचे काप जाड, वेगळ्याच कोनात तिरके घेतलेले. एमआरआयचे तसेच शेजारी धरले तर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खाचा कुठे रुंद, कुठे अरुंद दिसतात, आणि झीज नसताना झीज वाटते. त्यासाठी एमआरआयच्या नव्या थ्रीडी चित्रातून (‘टी-वन’) जुन्या कोनाचे काप पुन्हा पाडावे लागतात. तुम्ही ते पाडता. बिलात त्याची ओळ नसते.

हिपोकॅम्पसचंही तसंच. त्याच्या लांबीला काटकोनात घेतलेला उभा (कोरोनल) काप नसेल तर त्याची उंची चुकीची दिसते. पेशंटची मान थोडी कललेली असली तर एक बाजू उगाच खराब वाटते. तुमच्या रिपोर्टात ‘उजवा २, डावा ३’ असं दोन्ही बाजूंचं वेगळं लिहिलेलं असतं. हिपोकॅम्पसच्या झिजेचं हे शेल्टेन्सचं मोजमाप १९९२ पासून आहे, शून्य ते चार. पंचाहत्तरीच्या आत साधारण २ पासून पुढे खटकायला हवं, त्यानंतर ३ पासून. हे शिकायला परदेशी जावं लागत नाही. आकडा लिहिला की दोन वर्षांनी दुसरा कुणी तो तपासू शकतो, चूक असेल तर चूक म्हणू शकतो. ‘सौम्य झीज’ याला कुणी काय म्हणणार? लहान रक्तवाहिन्यांच्या बदलांमुळे दिसणाऱ्या पांढऱ्या डागांना फाझेकासची श्रेणी (शून्य ते तीन) देता, तीही अशीच: ऐंशीतल्या माणसाला १ असेल तर घरच्यांना ‘छोटे स्ट्रोक येऊन गेलेत’ म्हणून घाबरवायचं काही कारण नाही, डाग एकमेकांत मिसळून ३ झाली असेल तर रक्तदाबाचा हिशेब नव्याने मांडायचा.

पण आमच्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिलेत ते भरलेल्या मेंदूचे रिपोर्ट. ऐंशीच्या मेंदूच्या खाचा थोड्या उघड्या असायच्याच. त्या तरुणासारख्या गच्च दिसल्या तर आनंद मानायचा नसतो, बाहेरून काय दाबतं आहे ते बघायचं असतं. डोक्याला किरकोळ लागून आठवडे उलटलेले, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि कवटीखाली दोन्ही बाजूंना सारखंच रक्त साचलेलं. सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं, पण दोन-तीन आठवड्यांनी ते मेंदूच्याच राखाडी रंगाचं होतं. दोन्हीकडे सारखं असल्यामुळे मधली रेषाही सरकत नाही. घाईच्या डोळ्याला तो स्कॅन झकास वाटतो. एमआरआयवर, फ्लेअर नावाच्या चित्रात, ते सहसा लपत नाही. पण बघणाऱ्याने वय आणि खाचा यांचा मेळ घालायला हवा. हे रक्त काढता येतं आणि माणूस बरंच काही परत मिळवू शकतो. अशा वेळी ‘वयोमानानुसार’ हा शब्द निव्वळ आळशी राहत नाही, घातक होतो.

चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि वर विसराळूपणा असेल, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचलंय का हे पाहण्यासाठी पोकळीच्या रुंदीचं माप, इव्हान्सचा इंडेक्स, ०.३ च्या वर आहे का आणि दोन पोकळ्यांमधला कॅलोसल कोन ९० अंशांच्या आत आहे का, तेही तुम्ही न मागता लिहिता. सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके मोजताना तसेच दिसणारे शिरेचे आडवे छेद आणि कॅल्शियम तुम्ही बाजूला काढता. ठिपके मेंदूच्या कडेला आहेत की खोल, यावर अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची की नाही याचा विचार बदलतो, हे तुम्हाला सांगायला लागत नाही. चित्र हलल्यामुळे अस्पष्ट असेल तर तसंही लिहिता. ‘हालचालीमुळे हिपोकॅम्पसला श्रेणी देता येत नाही’ असं लिहिणारा रेडिओलॉजिस्ट विरळाच, कारण त्यात आपलंच काम अपुरं दिसतं.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात, चवथीच्या मंडपापासून निवडणुकीपर्यंत. बंद खोलीत, पेशंटने कधी तोंडही न पाहिलेला माणूस पडद्यासमोर दहा मिनिटं जास्त बसतो, त्याला कुणी हार घालत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्या तंत्रज्ञांनाही आमचा नमस्कार कळवा. कानातलं यंत्र काढायच्या आधी ते म्हाताऱ्यांना आवाज कसा होईल, किती वेळ लागेल ते समजावतात. यंत्र काढल्यावर सांगून काय उपयोग, त्यांना ऐकू येत नाही आणि मग ती आत घाबरून हलतात.

एक विनंती: जुन्या प्लेटशी तुलना केलेला काप सीडीत वेगळा जतन करून द्याल का? प्लेट पुढच्या पावसाळ्यात टिकेलच असं नाही.

देव बरें करूं.

आपले,
सत्तरी-डिचोली भागातले काही डॉक्टर