दुसऱ्या बाटलीबद्दल आभार

सप्रेम नमस्कार मॅडम,

नौपाड्यातली पोळीभाजी केंद्रवाली मी. रोज दीडशे पोळ्या लाटणारी आणि स्वतःला अर्धी पोळीही न पचणारी. सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडायचं. चार महिन्यांत ११ किलो उतरले. आधी जिथे दाखवत होतो तिथे ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, दुर्बीण झाली, तुकडा तपासला तर ‘नुसती सूज’. शेवटी दाराआड ह्यांना हळूच सांगितलं, कॅन्सर असू शकतो. हळू बोललं की पेशंटला ऐकू येत नाही असं का वाटतं, कोण जाणे!

तुम्ही पुन्हा दुर्बीण म्हणालात तेव्हा मी चिडलेच होते. तुम्ही कागदावर जठर काढून दाखवलंत. तिथल्या आम्लामुळे जठराचा टीबी क्वचितच होतो, आणि झालाच तर गाठी अस्तराखाली दडतात. वरवरच्या तुकड्यात सापडत नाहीत.

मग तुम्ही एकाच जागी खोल जाऊन तुकडे घेतलेत, तांदळाच्या कणीएवढे. काही फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत, काही नुसत्या सलाइनच्या. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही, म्हणून दुसरी बाटली. ‘ही आजच लॅबला पोचवा,’ एवढंच ह्यांना म्हणालात. तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात हे ती बाटली दोन्ही हातांनी धरून बसले होते, दिवा विझू नये तशी. त्याच बाटलीतून जीनएक्सपर्टवर, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, टीबी निघाला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. टीबी म्हटल्यावर हसलेली बाई तुम्ही पहिल्यांदाच बघितली असेल.

सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, नंतर तीन. सरकारी केंद्रातून, फुकट. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. नजर धूसर झाली किंवा रंग नीट कळेनासे झाले तर लगेच या, हे आधीच बजावलंत. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय योजनेचे महिन्याचे १००० रुपये अंड्यांत आणि डाळीत गेले.

गिऱ्हाइकांचं मात्र अवघड होतं. छातीचा एक्स-रे आणि थुंकी साफ आहे, हिच्या हातच्या पोळ्यांतून हा पसरत नाही, असं तुम्ही लेटरहेडवर लिहून दिलंत. तो कागद अजून गल्ल्यामागे चिकटवलेला आहे, तेलाच्या डागांसकट.

परवाच्या दुर्बिणीत जखम भरलेली दिसली. सोबत डबा पाठवतेय. त्याच घाण्यातल्या दोन पोळ्या मी आधी खाऊन बघितल्यात.

तुमची पोळीभाजीवाली