दोन हजार वॅट, पण किती तास?

संपादक साहेब, नमस्कार.

निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या दापोलीकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हापासून घरात बॅकअपचं वेड शिरलंय. यंदा पावसाआधी पोर्टेबल पॉवर स्टेशन (म्हणजे उचलून नेता येणारा मोठा बॅटरीचा खोका) बघायला गेलो तर दुकानदाराचं एकच पालुपद, "काका, दोन हजार वॅट आहे, सगळं चालेल!" अहो पण वॅट म्हणजे एका वेळी किती लोड ओढेल ते, किती तास ओढेल ते वॅट-अवरवर, म्हणजे बॅटरीत साठलेल्या विजेवर ठरतं, आणि तो आकडा खोक्याच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात, १०२४. त्यातले इन्व्हर्टरमध्ये थोडे जाऊन हाती साधारण साडेआठशे. म्हणजे ७५ वॅटचा जुना पंखा अकरा तास, तोच ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) लावला तर अठ्ठावीस.

पंपाचं वेगळंच. एक एचपीचा पंप सुरू होताना कितीतरी पट करंट खेचतो, शेजाऱ्यांनी हौसेनं जोडला, एकदा घुर्रर्र झालं आणि स्क्रीनवर लाल ओव्हरलोड, बादली कोरडी ती कोरडीच. सोलर पॅनल सोबत देतात खरं, पण आषाढात आमच्याकडे ऊन कुठाय?

मी शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवालं घेतलं, जड आहे पण हजारो वेळा चार्ज होतं म्हणून. दुकानदारांनी किमतीच्या शेजारी वॅट-अवरही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावेत, एवढं छापा ना जरा.

एक वाचक, दापोली