ट्रॉलीच्या हुकाला पट्टी ठोकू नका, हूक नव्याने बांधा

महोदय,

उसाचा गाळप हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. ती हवीच. पण अख्खी ट्रॉली ज्या एका पिनेवर ओढली जाते, त्या हुकाकडे कुणी वाकून पाहत नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच ट्रॉल्या गावच्या वेल्डिंग दुकानातच बांधलेल्या असतात. हूक सैल झाला की वरून एक पट्टी ठोकायची, दोन रॉड जाळायचे आणि ट्रॉली फडात पाठवायची, अशी रीत पडून गेली आहे. भरल्या डबल ट्रॉलीने धारूरचा घाट उतरताना त्या पट्टीची परीक्षा होते, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचीही.

हूक नुसत्या वजनाने सहसा तुटत नाही, तो झटक्याने तुटतो. पीन आणि भोक यांच्यात फट पडली की काळ्या रानात क्लच सोडताच ट्रॅक्टर तेवढा मोकळा पुढे सरकतो आणि मग सगळा भार एकदम पिनेवर आदळतो. प्रत्येक आदळण्याने भोक आणखी लांबुळके होते, फट वाढते आणि पुढचा झटका मोठा बसतो. आमच्या मते फट 3 मि.मी.च्या पुढे गेली की तो हूक संपला. भोकात वेल्डिंग भरून कानशीने गोल करणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे.

पिनेसाठी बांधकामाच्या गजाचा तुकडा वापरलेला सर्रास दिसतो. तो वापरू नये. ईएन-8 (मध्यम कार्बनचे पोलाद) चा सरळ बार आणून पीन बनवावी, आणि 25 ऐवजी 32 मि.मी.ची. जाडी सातच मि.मी. वाढते, पण कापले जाण्याविरुद्धची ताकद दीडपटीहून जास्त आणि वाकण्याविरुद्धची दुपटीहून जास्त होते. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाचे भोकाचे कडे हुकाच्या दोन कानांच्या (पट्ट्यांच्या) मधे बसले पाहिजे, म्हणजे पीन दोन्हीकडून धरली जाते. कानांमधले अंतर मात्र कड्याच्या जाडीपेक्षा तीन-चार मि.मी.च जास्त असावे. तिथे बोटभर मोकळी जागा राहिली तर कितीही जाड पीन वाकतेच.

भंगारातला ट्रकचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) कापून हुकाला जोडणे ही सगळ्यात महागात पडणारी बचत. पाटा कडक असतो, म्हणून मजबूत वाटतो. पण त्यात कार्बन जास्त असल्यामुळे वेल्डिंगच्या कडेलाच तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि काहीही पूर्वसूचना न देता तडकतो. त्यापेक्षा साध्या माइल्ड स्टीलची 16 ते 20 मि.मी. जाडीची प्लेट बरी.

काम सुरू करताना ट्रॉली रिकामी करून ट्रॅक्टरपासून सोडवावी, चाके सरकू नयेत म्हणून उटी (अडण) लावावी आणि चॅसीखाली लोखंडी घोडी द्यावी, विटांचा थर नव्हे. दांडीवरचा रंग तारेच्या ब्रशने काढून रॉकेल किंवा डिझेल लावावे, दहा मिनिटांनी कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तिथे पुडीवर ओली काळी रेघ उमटते. त्या रेघेच्या दोन्ही टोकांना 6 मि.मी.चे भोक पाडले म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने तडा ‘व्ही’ आकारात खोल उघडून भरावा. जुने वेल्डिंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावे. जुन्या वेल्डिंगवर नवे चढवले तर आतला तडा नुसता झाकला जातो.

वेल्डिंगला नेहमीच्या 6013 ऐवजी 7018 (कमी हायड्रोजनचा) रॉड घ्यावा. पण पावसाळाभर उघड्या पुड्यात पडलेला 7018 हा कोरड्या 6013 पेक्षाही वाईट. ओलाव्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि काम झाल्यावर काही तासांनी आतून तडा जातो. म्हणून रॉड 300 ते 350 अंशांना तासभर भट्टीत सुकवावेत. 3.15 मि.मी.च्या रॉडला 110 ते 130 अँपिअर करंट पुरतो. लहान एसी ट्रान्सफॉर्मरवर हा रॉड नीट पेटत नाही, त्याला डीसी मशीन लागते. अर्थिंगचा चिमटा कामाच्या शेजारीच लावावा. तो मागे कुठेतरी लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन ती खराब होते. आणि गरम जोडावर पाण्याची बादली ओतायची सवय सोडावी. घाईत केलेले हे गार करणे जोड ठिसूळ करते.

पक्के वेल्डिंग करण्याआधी ठिकठिकाणी वेल्डिंगचे छोटे टाके मारून मोजायचा टेप लावावा. कड्याच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे सारखी हवीत. पाच मि.मी.चा फरकही ट्रॉलीला तिरके चालवतो आणि टायर एका बाजूने खातो. ट्रॅक्टरला जोडल्यावर दांडी समतल राहील अशी हुकाची उंची ठेवावी. शक्य असेल तर कडे दांडीला वेल्डिंगने न जोडता 20 मि.मी.च्या चार बोल्टांनी बसवावे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेले असते ते पाहून घ्यावेत. पुढच्या वेळी कडेच बदलता येते, दांडी कापावी लागत नाही.

डबल ट्रॉलीत पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक बहुतेक वेळा फक्त आडव्या चॅनेलला चिकटवलेला असतो. मागची सगळी ओढ तो एकटा चॅनेल सोसतो आणि मधोमध बाक येतो. त्या हुकाच्या पट्ट्या तिरक्या नेऊन चॅसीच्या दोन्ही लांब चॅनेलांना भिडवाव्यात. शिवाय दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घालाव्यात. त्या हुकाला नव्हे, चॅसीला अडकवाव्यात. हूकच निघाला तर त्याला बांधलेल्या साखळ्या काय धरणार?

कारखान्यांच्या शेतकी विभागाला आमची विनंती एवढीच की वाहतूक करार करताना रिफ्लेक्टरसोबत पीन काढून कॅलिपरने भोक मोजावे आणि साखळ्या कुठे अडकवल्या आहेत ते पाहावे. एका ट्रॉलीला पाच मिनिटे पुरतात. दांडीला काळ्याऐवजी पिवळा रंग सक्तीचा केला तर आणखी बरे. पिवळ्यावर तड्यातून उतरणारा गंज ड्रायव्हरलाही लांबून दिसतो.

– ट्रॉली बांधणी व दुरुस्ती करणारे कारागीर, ता. केज, जि. बीड