साइट देखणी होती, तक्ता कुठे होता?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. "बाबा, आम्ही जीव ओतून वेबसाइट करतो, सगळे वाहवा करतात आणि वर्षभरात क्लायंट दुसरीकडे जातो." मग ऑफिसातल्या नव्या खुर्च्यांबद्दल सांगत राहिलीस. मी हं हं करत होतो, पण मन त्या पहिल्या वाक्यातच अडकलं होतं. फोनवर मला नीट सुचत नाही, हे तू जाणतेस, म्हणून लिहितोय. डिझाइनमधलं मला काही कळत नाही. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, क्लायंटच्या खुर्चीत, मी बरीच वर्षं बसलोय.

आपल्या कारखान्याची पहिली साइट 2008 सालची. तुला आठवत असेल, उघडली की काळ्या पडद्यावर एक ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी आपली रबरी कडी, गरगर फिरायची आणि तिचा आपला लोगो व्हायचा. फ्लॅशमध्ये, म्हणजे साइटवर हलती चित्रं दाखवायच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली होती. तू शाळेतून आलीस की तेवढंच पुन्हा पुन्हा लावून बघायचीस. आयफोनवर ते कधी दिसलंच नाही. फ्लॅश का घेणार नाही, हे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने एप्रिल 2010 मध्ये जाहीर पत्रच लिहून सांगितलं होतं. पुढे 2020 संपता संपता ते बनवणाऱ्या ॲडोबीनेही फ्लॅशला मूठमाती दिली. पण दोष फ्लॅशचा नव्हता. ते प्रत्येक फोनवर लोण्यासारखं चाललं असतं, तरी आमच्याकडे येणाऱ्या माणसाला फिरणारी रिंग बघायचीच नव्हती.

तो माणूस कोण, ते बघ. कुठल्या तरी प्लांटमधला मेंटेनन्सचा फिटर. पंप गळतोय, लाइन बंद आहे, साहेब डोक्यावर उभे आहेत, हातात तुटलेली रिंग आहे. त्याला तीनच गोष्टी हव्यात: आतला व्यास, रबराची जाडी आणि मटेरियल. तेलात नायट्राइल रबर चालतं. ईपीडीएम हे दुसरं रबर गरम पाण्याला उत्तम, पण तेलात फुगतं, तिथे घातलं की दुसऱ्यांदा लाइन बंद. हे सगळं एका तक्त्यात मावतं. तो तक्ता आमच्या छापील कॅटलॉगात होता. साइटवर नव्हता.

काही वर्षांनी दुसरी एजन्सी धरली. मोबाइलवर आपोआप बसणारी, रिस्पॉन्सिव्ह साइट हवी, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मी तक्ता मागितला. तिथला एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, टेबल मोबाइलवर फार वाईट दिसतं." मी गप्प बसलो. त्याच बैठकीत मी मात्र हट्ट धरला की होमपेजवर माझा फोटो आणि 'संचालकांचे मनोगत' पाहिजे, शिवाय लोगो दुप्पट मोठा पाहिजे. ते त्यांनी एका शब्दाने न विचारता केलं. गरज होती ती गोष्ट नाकारली आणि हौस होती ती पुरवली. माझं मनोगत माझ्या मेव्हण्याशिवाय कुणी वाचलं असेल, असं वाटत नाही. त्यानेही वाचल्याचं नुसतं सांगितलं असावं.

तू म्हणशील, आम्ही क्लायंट सांगेल ते सगळं करतो. तीच तर अडचण आहे, पोरी. क्लायंटला आपल्या धंद्यातलं कळतं, आपल्या साइटवर काय हवं ते कळतंच असं नाही. आणि त्याच्या होला हो करणं सोपं असतं, कारण बिल तोच देतो. ज्याच्यासाठी साइट आहे तो फिटर तुमच्या बैठकीला कधीच नसतो.

तिसऱ्या वेळी आली ती एकटीच काम करणारी मुलगी होती. एजन्सी नाही, काही नाही. तिने आधी लॅपटॉप उघडलाच नाही. आमच्या फोनजवळ जी वही असायची, कुणाचा फोन आला, काय विचारलं ते लिहायची, ती घेऊन ती दोन दिवस ऑफिसात बसली. मला जरा रागच आला होता, म्हटलं ही कामाला कधी लागणार? तिसऱ्या दिवशी तिने वही माझ्यापुढे ठेवली. पानामागून पान एकच प्रश्न: "या मापाची आहे का? तेलाला चालेल का?" मग तिने एक पान केलं. वर माप टाकायची जागा, खाली तक्ता, प्रत्येक ओळीत मटेरियल आणि कशात वापरायचं नाही ते. आमच्याच ओळखीतल्या पाच फिटरांच्या हातात फोन देऊन म्हणाली, "ही रिंग शोधून दाखवा," आणि स्वतः तोंड मिटून बसली. पाचच का, विचारलं तर म्हणाली, जेकब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने 2000 सालीच लिहून ठेवलंय की पाच जणांत बहुतेक अडचणी उघड्या पडतात. चौथ्याच माणसाला कळलं नाही की माप मिलिमीटरमध्ये टाकायचंय. तिने त्याच रात्री ते दुरुस्त केलं.

तुझ्या नजरेला ते पान अगदीच ओबडधोबड वाटेल. पण वहीतले प्रश्न बदलले. 'आहे का' ऐवजी 'इतक्या पाठवा' असे फोन यायला लागले. ती मुलगी आजही आमचं काम बघते. तिला सोडायचा विचार कधी मनात आला नाही, तिची साइट कधी कुठल्या स्पर्धेत गेली नाही तरी.

म्हणून तुला विचारतो. नवा क्लायंट आला की तुमच्या पहिल्या बैठकीत काय होतं? तू पाठवलेलं ते प्रेझेंटेशन मी चष्मा लावून दोनदा पाहिलं. रंगांवर आठ पानं आहेत. त्यांच्या ग्राहकाचं काम कुठे अडतं, यावर एकही नाही. काम घेतानाच एक ओळ लिहून घे: साइट चालू झाल्यावर काय बदललेलं दिसायला हवं. चौकशा वाढाव्यात, की चुकीच्या चौकशा कमी व्हाव्यात, की भेटीची वेळ लोकांनी आपली आपण घ्यावी. आज तो आकडा किती आहे, तेही तेव्हाच टिपून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी मोजणार कशाशी? तुमच्या महिन्याच्या अहवालात पहिली ती ओळ यावी. किती जण साइटवर आले, हे नंतर सांगा. मला दरमहा असा अहवाल यायचा, आलेखाची रेघ वर वर जायची आणि फोन तेवढाच वाजायचा.

साइटच्या वेगाचं तू अभिमानाने सांगत होतीस, की चाचणीत शंभरपैकी शंभर पडले. चांगलंच आहे. पण ते तुमच्या ऑफिसातल्या यंत्रावरचे गुण. मी वाचलं त्याप्रमाणे गूगल खऱ्या लोकांच्या भेटी बघतं. त्यातल्या निदान 75 टक्के भेटींत पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. तळघरात, जुन्या फोनवर, अर्ध्या रेंजमध्ये उभा असलेला माणूसही त्या हिशोबात येतो. तुमच्यातल्या कुणी तसा फोन घेऊन तशा जागी आपली साइट उघडून बघितलीय का? आणि तुमच्या साइटवरची ती फिकट राखाडी अक्षरं! पांढऱ्या पानावर ती मला दिसतच नाहीत. वेबच्या सुगम्यतेचा नियम सांगतो की साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान 4.5 ला 1 हवा. हे मी तुझ्यावर राग म्हणून नाही, डोळ्यांनी थकलेला वाचक म्हणून लिहितोय.

आता एक जुनं दुखणं. त्या दुसऱ्या एजन्सीने आमचं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मला पत्ताच नव्हता. पुढे त्यांनी कामाचा पसारा वाढवला, ॲप, सोशल मीडिया, जे येईल ते, आणि आमच्यासारख्यांचे फोन उचलणं बंद झालं. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या ईमेलवर जात राहिली. एका सकाळी साइट बंद, ईमेल बंद, ऑर्डरी कुठे पडतायत कळेना. डॉट कॉमचं नाव रद्द झालं की ते सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते कुणालाही घेता येतं. आम्ही त्या मुदतीत होतो, हे नशीब. त्यांच्याकडून केव्हाच बाहेर पडलेल्या एका मुलाला शोधून काढलं, त्याने जुन्या खात्याचा पासवर्ड मिळवून दिला, दंडासकट पैसे भरले. ते दिवस मी कसे काढले, ते तुझ्या आईला विचार.

तेव्हा तुमच्या प्रत्येक क्लायंटचं डोमेन, साइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, भेटी मोजायचं ॲनालिटिक्सचं खातं, सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर असू दे. तुमचा तो भागीदार म्हणेल, अशाने क्लायंट सहज निघून जाईल. जाऊ दे. किल्ली आपल्या खिशात आहे म्हणून थांबलेला माणूस मनातून केव्हाच गेलेला असतो.

सगळी टीम साइट बांधायच्या नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे नव्या तयार सांगाड्यावर, न्यायचं चाललंय म्हणालीस. त्यातलं मला कळत नाही, त्यामुळे बोलत नाही. फक्त ज्या दोन क्लायंटनी तुम्हाला सोडलं, त्यांच्याकडे आधी तू स्वतः जाऊन ये. काम मागायला नको जाऊस. त्यांच्या फोनजवळ दिवसभर बस. संकोच वाटेल, मलाही फोनजवळच्या त्या मुलीकडे बघून वाटला होता. जाताना एक कोरी वही ने.

आपलं डोमेन पुढच्या महिन्यात संपणार होतं. या वेळी मी स्वतः भरलं, पासवर्ड माझ्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे. आई म्हणते, त्या खुर्च्यांचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा